पुढच्याला गाठायचंय? मग ब्रेक मारा

हायवेवर पुढची गाडी गाठायची तर आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, पण ऑर्बिटमध्ये, म्हणजे पृथ्वीभोवती फिरताना, हेच केलं तर पुढचा आणखी लांब जातो, आणि हे मला अख्ख्या अंतराळशास्त्रातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं.

जून १९६५, नासाचं जेमिनी ४ यान. त्यातल्या जेम्स मॅकडिव्हिटला आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचं होतं, तो जवळच दिसत होता, म्हणून यानाचं नाक त्याच्याकडे केलं आणि थ्रस्टर, म्हणजे यानाची छोटी इंजिनं, मारले. अंतर वाढलं. परत मारले, परत तेच, आणि इंधन भराभर संपायला लागलं म्हणून शेवटी नाद सोडावा लागला. माणूस कसलेला टेस्ट पायलट होता, पण विमानातली सवय तिथे चालतच नाही.

कारण असं की प्रत्येक उंचीचा वेग ठरलेला असतो. स्पेस स्टेशन ४०० किमीच्या आसपास, तिथे सेकंदाला साधारण ७.७ किमी, दीड तासात पृथ्वीला चक्कर. टीव्हीचे सॅटेलाइट ३५,७८६ किमीवर, त्यांचा वेग फक्त ३ किमीच्या आसपास. यान जड आहे की हलकं याचा काही संबंध नाही. आता पुढच्या दिशेने जोर लावला की तेवढ्यापुरता वेग वाढतो खरा, पण त्याने ऑर्बिट वर उचलली जाते, वरची चक्कर लांबीला मोठी आणि सरासरी वेगही कमी, म्हणजे तुम्ही मागेच पडता. उलट थोडा वेग कमी केला की खाली घसरता, खालची चक्कर लवकर संपते आणि तुम्ही पुढच्याला खालून गाठता, मग योग्य वेळी वेग वाढवून वर यायचं!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंतराळवीर वॉली शिराने हेच केलं, जेमिनी ६ मुद्दाम खालच्या ऑर्बिटमध्ये सोडलं होतं, तिथून ते आधीच वर फिरत असलेल्या जेमिनी ७ च्या इतकं जवळ गेलं की मध्ये फूटभर अंतर राहिलं.

आपल्या इस्रोचं स्पेडेक्स, म्हणजे दोन सॅटेलाइट अंतराळात जोडायचा (डॉकिंगचा) प्रयोग, आठवा, १६ जानेवारी २०२५. दोन्ही सॅटेलाइट सेकंदाला ७.६ किमीने पळतायत आणि एकमेकांकडे सरकतायत ते मात्र सेकंदाला सेंटिमीटरच्या हिशोबात, आधी १५ मीटरवर थांबले, मग ३ मीटरवर, आणि मग डॉकिंग. ज्यांनी हे गणित बसवलं त्यांना खरंच मनापासून सलाम.