कोणती वाटी?

"मॅडम, कुठंतरी चीटिंग होतंय."

हे वाक्य मी सलग सात सोमवार ऐकलं. वजन कमी करण्यासाठी आमच्या सोलापुरातल्याच एका ठिकाणी तीन महिन्यांचे पैसे भरले होते. दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं, आकडा वहीत लिहायचा आणि समोरच्या मुलीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. गणपतीनंतर सुरुवात केली तेव्हा मी ७८ किलो होते. उंची १५६ सेंटिमीटर, वय ४३. पहिले साडेतीन किलो सहज गेले. चहातली साखर कमी केली, संध्याकाळची खारी-बटर बंद केली, सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालायला लागले. नोव्हेंबरच्या शेवटी काटा ७४.६ वर आला आणि तिथंच बसला. सात आठवडे. कधी ७४.४, कधी ७४.९, पुन्हा ७४.६.

मी चीटिंग करत नव्हते. आजही हे लिहिताना मला त्याचाच राग येतो. तक्त्यात लिहिलेलं तेवढंच मी खात होते. लग्नाच्या पंगतीत बसून साधा भात-वरण खाऊन उठले होते. दिवाळीची शंकरपाळी डब्यात तशीच होती.

त्या तक्त्यात होतं काय? सकाळी पोहे १ प्लेट. दुपारी भाकरी दीड, भाजी १ वाटी, डाळ २ वाट्या. संध्याकाळी शेंगदाणे मूठभर. रात्री पुन्हा भाकरी आणि डाळ २ वाट्या. डाळीसमोर लिहिलं होतं, १ वाटी = ७ ग्रॅम प्रोटीन. शेवटी बेरीज, कॅलरी १३००, प्रोटीन ६५ ग्रॅम. माझ्या हिशेबाने मी रोज १३०० कॅलरी खात होते आणि तरी वजन हलत नव्हतं. मग दोनच शक्यता उरत होत्या. एक तर मी खोटं बोलते, नाहीतर माझ्या शरीरात बिघाड आहे. थायरॉइड तपासून घेतलं, नॉर्मल आलं.

तिसऱ्या सोमवारी मी विचारलं, "वाटी म्हणजे कोणती वाटी?" ती म्हणाली, "नेहमीची." चौथ्या सोमवारी घरातल्या तीन वाट्या पिशवीत घालून घेऊन गेले. एक लहान स्टीलची, एक रोजच्या जेवणातली आणि एक सासूबाईंच्या माहेरची, खोलगट. तिने मधल्या वाटीवर बोट ठेवलं आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं. पाचव्या सोमवारी तक्ताच बदलला, रात्रीची भाकरी काढली आणि सूप लिहिलं. त्या आठवड्यात अर्धा किलो उतरलं, पुढच्या आठवड्यात परत चढलं. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे माझं, जिना चढताना पाय कापायचे. रात्री दहाला पोटात आग पडायची. मग मी शेंगदाण्यांच्या डब्यात हात घालायचे, कारण मूठभर शेंगदाण्यांना परवानगी होती. सातव्या सोमवारी पुन्हा तेच वाक्य ऐकलं, आणि सोबत पावडरचा डबा घ्यायचा आग्रह. डबा उलटा करून मागचा मजकूर वाचला. साखर पहिल्या तीन घटकांत होती. डबा टेबलावर ठेवून मी बाहेर पडले.

तिथून थेट मंगळवार पेठेत गेले आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, चारशे रुपयांच्या आत मिळाला. ज्याला खरंच वजन कमी करायचं आहे त्याने पहिला खर्च यावर करावा.

त्या संध्याकाळी आमटी करायच्या आधी कच्ची तुरीची डाळ मोजली. चौघांच्या आमटीला मी डोळ्यांच्या अंदाजाने जी डाळ घेते ती भरली १०० ग्रॅम. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. आमची आमटी सोलापुरी, पातळ, काळ्या तिखटाची, भाकरी कुस्करून खायची. त्या मधल्या वाटीने मोजली तर आठ वाट्या झाल्या. म्हणजे एका वाटीत पावणेतीन ग्रॅम. तक्ता म्हणत होता सात!

सात ग्रॅम हा आकडा खोटा नाही, ते मला नंतर समजलं. आहारतज्ज्ञ ३० ग्रॅम कच्च्या डाळीला एक भाग धरतात. त्यात साधारण १०० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रोटीन येतं. पण ती ३० ग्रॅम डाळ कोणाच्या घरी एका वाटीत मावते, कोणाच्या घरी अडीच वाट्यांत. तक्ता छापताना 'कच्ची ३० ग्रॅम' हे शब्द गळले आणि फक्त 'वाटी' उरली. दिवसाच्या चार वाट्यांतून मला २८ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं होतं, मिळत होतं ११.

मग माझी मूठ मोजली. ४२ ग्रॅम शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६७ कॅलरी असतात, म्हणजे एका मुठीत २३८. आपल्याकडे शेंगदाण्याला प्रोटीनवालं खाणं समजतात, मीही तेच समजत होते. प्रोटीन त्यात आहेच, शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास, पण जवळपास ४९ ग्रॅम तेलही आहे. प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, पिठूळ पदार्थांच्या ग्रॅमलाही ४, तेलाच्या ग्रॅमला ९. त्यामुळे वजन उतरवताना शेंगदाणा तेलाच्या खात्यात धरायचा. आणि सोलापुरात शेंगदाणा फक्त मुठीत नसतो. आमटीत कूट, वांग्यात कूट, ताटात शेंगाचटणी, चटणीवर वरून तेल. ३० ग्रॅम चटणी आणि चमचाभर तेल म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, प्रोटीन मात्र सातेक ग्रॅम. चटणी तर तक्त्यात नव्हतीच, ती कोणी अन्न म्हणून मोजतच नाही.

तेलाचंही तसंच. तक्त्यात तेलाला ओळच नव्हती. मी डब्यावर तारीख लिहिली आणि महिन्याने पाहिलं, तर चौघांना साडेचार लिटर लागलं होतं. माणशी रोजचं ३७ मिलिलिटर, म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी. हा प्रयोग काटा न घेताही करता येतो.

दहा दिवस मी काहीही न बदलता फक्त मोजलं आणि लिहिलं. सरासरी आली १८२० कॅलरी, प्रोटीन ४६ ग्रॅम. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसाला किती कॅलरी लागतात हे सांगणारं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आहे, त्यात माझं वजन, उंची आणि वय घातलं. बायकांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. आले १३४५. बैठं काम आणि थोडं चालणं धरून त्याला १.३७५ ने गुणलं, १८४९. शरीराला लागतात साधारण तेवढ्याच कॅलरी मी खात होते. वजन उतरणार कुठून? त्या रात्री वही घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसले होते. शरीरात बिघाड नव्हता आणि मी खोटंही बोलत नव्हते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पुढचं पटकन सांगते. रोजच्या कॅलरी १४५० ते १५०० आणि प्रोटीन ७५ ग्रॅम ठरवलं. भारतीयांसाठीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण ती निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेची. खाणं कमी करताना स्नायू झडू नयेत म्हणून त्याहून जास्त घ्यावं लागतं. प्रोटीन वाढवायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते, तपासा, हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये.

आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही. तरी ७५ होतात. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, १५ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी फक्त शंभरेक. तुरीची डाळ माझ्या वाट्याला ४० ग्रॅम, फोडणीआधी माझा घट्ट भाग बाजूला काढते, बाकीच्यांची आमटी पातळच. मटकी किंवा हुलगा ४० ग्रॅम. या दोन्हींतून अठराच्या आसपास. दोन भाकरींच्या पिठातून १० ते ११. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसीन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर, त्यामुळे भाकरी-आमटी एकत्र खाणंच बरोबर आहे. भाकरी तोडू नका. दूध पाव लिटर, दही २०० ग्रॅम, पनीर ५०. बाकी भाजी-पोह्यांतून पाच-सहा.

वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, मग काळ्या तिखटात त्या वासाचा त्रास होत नाही. पहिल्याच दिवशी ३० ग्रॅम घेऊ नका, मी घेतल्या आणि दोन दिवस पोट फुगलं. दहापासून चढवत न्या.

प्रोटीन पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, असं वाचून मीही हुरळले होते. हिशेब केला तर माझ्या वाढीव ३० ग्रॅममागे तो फायदा दिवसाला पंचवीस-तीस कॅलरींचा. खरा फायदा भुकेत झाला. रात्री दहाची ती आग पहिल्याच आठवड्यात गेली. आणि आठवड्यातून तीन दिवस पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनी दोन्ही हातांत घेऊन उठबशा काढायला लागले, तेव्हा जिना पुन्हा माझा झाला.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तीन दिवस मोजलं नाही. वजन सव्वा किलो वाढलेलं दिसलं आणि पाच दिवसांत उतरलं. तीन दिवसांत सव्वा किलो चरबी चढत नाही, एका किलोला सुमारे ७७०० जादा कॅलरी लागतात. ते मीठ आणि पाणी असतं. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्यातला आकडा तर मनावर घेऊच नये, मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी ताडून पाहावा.

साडेतीन महिन्यांत ७४.६ वरून ६९.८ वर आले. आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. सूत्राने जेवढे सांगितले होते जवळपास तेवढेच.

कडक भाकरीचं राहिलं. ५० ग्रॅम पिठाची ताजी भाकरी ८० ग्रॅमच्या आसपास भरते, तीच वाळवून कडक केली की ५० च्या खाली. हलकी झाली म्हणून मी आधी तीन खायचे. उडालं ते पाणी, पीठ तेवढंच राहिलं, आणि कॅलरीही त्याच, १७० च्या आसपास. म्हणून वजन नेहमी कच्च्या पिठाचं, कच्च्या डाळीचं करायचं.

आणि शिजलेल्या आमटीतला आपला वाटा काढायचा असेल तर रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून ठेवा. आमच्या आमटीच्या पातेल्याचं ६४० ग्रॅम आहे. सासूबाईंनी ते फडताळाच्या दाराला आतून खडूने लिहून ठेवलंय.