सहा ते साडेसहा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचं) एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे वाया जाते याची तपासणी, माझ्याकडे आलं, तेव्हा मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेलं होतं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची ऑडिटरची परीक्षा, तिचे चारही पेपर, मी नोकरीत असतानाच पास झाले होते. काम ठरलं होतं थोड्या आठवड्यांचं. मोजमापं घ्यायची, रिपोर्ट द्यायचा, मालकांसमोर प्रेझेंटेशन करायचं आणि बिल लावून मोकळं व्हायचं. शेवटी त्याच कंपनीनं मला पगारावर घेतलं. हे कसं जमलं म्हणून विचारणारे बरेच भेटतात, त्यातही नुकतेच सल्लागार झालेले जास्त. त्यांना वाटतं, रिपोर्ट झकास झाला असणार. रिपोर्ट बरा होता. पण त्याच्याहून चांगला रिपोर्ट त्या कंपनीच्या कपाटात आधीपासून पडून होता.

तो मला मेंटेनन्सच्या एका पोरानं सुरुवातीलाच काढून दाखवला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख, वर धुळीचा थर. मी चाळला आणि जरा खचलेच. भट्टीचं झाकण वापरा, कॉम्प्रेसरच्या लाइनची गळती काढा, प्रेशर एक बारनं उतरवलं तर सहा-सात टक्के वीज वाचेल, रनर-रायझरला (साच्याच्या वाटांत गोठलेल्या, मालापासून तोडलेल्या लोखंडाला) चिकटलेली वाळू झाडूनच ते पुन्हा भट्टीत टाका (नाहीतर वाळूही वितळवत बसता आणि वर तिचा स्लॅग, म्हणजे मळी, काढत बसता), मोटारी एकदम सुरू करू नका. सगळं बरोबर. मी लिहिणार होते त्यातलं निम्म्याहून जास्त त्यात होतं. त्यातलं काय केलं, असं विचारल्यावर पोरगं हसलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की आणखी एक रिपोर्ट लिहून उपयोग नाही.

फाउंड्री ब्रेक ड्रम आणि हाउसिंगचं कास्टिंग करणारी, तीन पाळ्यांत चालणारी. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला ५५० ते ६०० युनिट लागले तर चांगलं म्हणायचं. इथे आकडा साडेसहाशेच्या वर होता. भट्टीचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्याची साखळी कधीतरी तुटली, ती कुणी बसवली नाही. मोल्डिंग लाइनवर, जिथे वाळूचे साचे बनतात तिथे, पॅटर्न (साच्याचा नमुना) बदलायला वेळ लागला की वितळलेलं लोखंड भट्टीतच उघड्यावर तापत राहायचं. हे प्रकार बहुतेक फाउंड्र्यांत सापडतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मला खरं गुंतवलं ते महावितरणच्या बिलातल्या एका ओळीनं.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची याची महावितरणशी ठरलेली मर्यादा, १८०० केव्हीए (हे त्या ओढीचं माप). आणि जवळजवळ दर महिन्याला नोंदलेली डिमांड त्याच्या वर, शंभर-दीडशेनं. जास्तीच्या प्रत्येक केव्हीएला डिमांड चार्जेस दीडपट लागतात. तो दंड अकाउंट्सवाले मुकाट्यानं भरत होते, कारण एकूण बिलाच्या मानानं तो किरकोळ दिसायचा. मोठा फटका दुसरीकडे होता. लोड फॅक्टर, म्हणजे मर्यादेच्या मानानं महिनाभर वीज किती सलग वापरली याचं प्रमाण, ७५ टक्क्यांच्या वर गेला की पुढे ८५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला वीज आकारात तेव्हा पाऊण टक्का सवलत मिळायची. यांचा लोड फॅक्टर ८० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेचार टक्के सवलत हक्काची. पण बिलाची डिमांड कॉन्ट्रॅक्टच्या वर गेली की त्या महिन्याची ही सवलत पूर्ण जायची. न मिळालेली सवलत बिलावर ठळक दिसत नाही, त्यामुळे तिच्यावरून कुणी भांडतही नाही.

मीटरचा लोड सर्व्हे काढला. डिमांड मोजतात ती अर्ध्या तासाच्या सरासरीनं, तेव्हा महिन्याभरातल्या सगळ्या अर्ध्या तासांची यादी समोर आली. कॉन्ट्रॅक्टच्या वर गेलेले अर्धे तास मोजके होते आणि त्यातले जवळपास सगळे एकाच ठिकाणी: सकाळी सहा ते साडेसहा.

आमच्याकडे तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त पडायची, आणि त्या वेळातली डिमांड बिलाच्या डिमांडमध्ये धरत नव्हते. म्हणून रात्रपाळी भट्टी पूर्ण ताकदीनं ओढायची. त्यात चूक काहीच नव्हतं. पण सहा वाजल्यानंतर भट्टी कोण ओढतंय आणि कशाला, हे कागदावरून कळेना. म्हणून पहाटेच गेले.

भट्टीवर जे इन्चार्ज होते त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. निळ्या काचेतून भट्टीत बघत ते मला म्हणाले, "मॅडम, ऑडिटवाली माणसं धाच्या फुडं येत्यात. तुमी कशाला झोपमोड केली?"

"मामा, ही शेवटची हीट सहाच्या आत उतरेल का?"

"उतरंल की. सव्वासहाला."

भट्टीच्या मागच्या भिंतीवर एक फळा होता. पाळीवार हीट (भट्टी एकदा भरून, वितळवून उतरवली की एक हीट) किती झाल्या, खडूनं लिहिलेलं. महिन्याचा इन्सेन्टिव्ह त्या फळ्यावरून ठरायचा. पावणेसहाला भट्टी फुल पॉवरवर होती. पाच-पाच मिनिटांनी मामा पॅनेलकडे बघत होते. मी मीटरच्या खोलीत गेले. डिस्प्लेवर चालू अर्ध्या तासाची डिमांड चढताना दिसते, ती बघत उभी राहिले. भोंगा झाला. पहिल्या पाळीनं आल्या आल्या वाळूची मिल टाकली, शेकआउट (साचा फोडून माल सुटा करणारं मशीन) टाकला, दुसरा कॉम्प्रेसर, डस्ट कलेक्टर. पाठोपाठ शॉट ब्लास्टिंगवाल्यानं त्याचं मशीन (छर्रे मारून माल साफ करणारं) सुरू केलं, कारण फेटलिंगच्या, म्हणजे मालाच्या कडा घासायच्या, ठेकेदाराची माणसं आठला येतात आणि त्याआधी त्याला माल तयार लागतो. इकडे रात्रपाळीची हीट अजून उतरायचीच होती. आकडा १८०० ओलांडून गेला तेव्हा साडेसहा व्हायला अवकाश होता.

परत भट्टीवर आले आणि मामांना विचारलं, सहाला पॉवर खाली घेतली तर काय बिघडेल?

"बिघडंल न्हवं, जाईल. हीट पैल्या पाळीच्या नावावर जाती. आमी रातभर भट्टीपुढं जळायचं आन फळ्यावर नाव त्येंचं?"

जुन्या रिपोर्टात 'मोटारी एकदम सुरू करू नका' हे वाक्य होतं. फळ्याचा उल्लेख कुठेही नव्हता. असणार कसा, तो लिहिणारा माणूस दहाच्या पुढे आला असणार.

तोडगा मामांनीच काढला. पॅनेलवर युनिट दिसतात. सहाला हीटचे जेवढे युनिट झाले असतील तेवढा हिस्सा रात्रपाळीच्या नावावर, उरलेला पहिल्या पाळीच्या. फळ्यावर पाऊण हीट, पाव हीट असं लिहायचं. आणि पॉवर खाली घ्यायची ती साडेसहापर्यंतच, तोवर वाळूची मिल सुरू होऊन स्थिर होते. शॉट ब्लास्टिंग साडेसहानंतर. मी कागदावर मांडलं, प्रॉडक्शन मॅनेजरकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही रिपोर्टात लिहा ना. आम्ही बघू." कपाटातल्या रिपोर्टालाही ते असंच म्हणाले असणार.

मग धाकट्या मालकांना भेटून एका आठवड्याची ट्रायल मागितली. माझ्या कामाच्या पत्रात ती नव्हती, म्हणून तिचे पैसे वेगळे सांगितले. फुकट राबून दाखवा म्हणजे नोकरी मिळते, असं सांगणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. फुकटच्या ट्रायलला कुणी माणसं देत नाही. पैसे मोजलेत म्हटल्यावर मालक स्वतः पहाटे एकदा येऊन गेले. त्या आठवड्यात डिमांड एकदाही १८०० ला शिवली नाही. उत्पादन होतं तेवढंच राहिलं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी खोलीत धाकटे मालक होते, त्यांचे वडील आण्णा होते, प्रॉडक्शन मॅनेजर, मेंटेनन्स, अकाउंट्स. आण्णा उद्यमनगरात लेथवर सुरुवात केलेले. आल्या आल्या म्हणाले, "असला एक रिपोर्ट हाय आपल्याकडं."

"आहे. मी वाचलाय. चांगला आहे," मी म्हटलं.

उपायांची यादी मी शेवटी एका पानात बसवली होती. उपाय, खर्च, महिन्याची बचत, आणि चौथा रकाना 'कोण बघणार'. झाकणाची साखळी बसवणे: मेंटेनन्स. झाकण दर हीटला लागतंय का: रिकामं. गळतीची दुरुस्ती: मेंटेनन्स. गळती दर महिन्याला शोधणे: रिकामं. फळ्यावरची युनिटची वाटणी, सहा ते साडेसहाचं वेळापत्रक, लोड सर्व्हे काढून बिलाशी ताडून बघणं: रिकामं, रिकामं, रिकामं.

धाकटे मालक म्हणाले, "मॅडम, हा रकाना भरायचा राहिलाय."

"राहिलेला नाही. मी सगळीकडे विचारलं. माणूस सापडला नाही."

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, प्रत्येक डिपार्टमेंटनं आपापलं बघायचं, त्याला वेगळा माणूस कशाला. त्यावर आण्णा म्हणाले, "आपापलं बघूनच हितवर आलोय."

मग बराच वेळ त्या रकान्यावरच बोलणं झालं. असा माणूस घ्यायचा तर त्यानं काय करायचं, कुणाला विचारायचं, कुणी त्याचं ऐकायचं. मी स्पष्ट सांगितलं की तो प्रॉडक्शनच्या हाताखाली ठेवलात तर झाकण पुन्हा भिंतीला लागेल, कारण माल निघायची घाई असताना झाकणाचं नाव काढणारा माणूस कुठल्याही प्रॉडक्शन मॅनेजरला नकोच असतो. मॅनेजर समोर होते. त्यांनी नाकारलं नाही.

आण्णांनी विचारलं, "तुमीच का न्हाई?"

मी चकित झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो रकाना रिकामा ठेवताना माझ्या मनात हेच होतं. महिन्याला नवं गिऱ्हाईक शोधायचं, काम झाल्यावर फीसाठी फोन करत राहायचं, याचा मला कंटाळा आला होता. पण "घ्या मला" म्हणणं आणि कामाचं वर्णन समोरच्याच्या तोंडून येऊ देणं यात पगाराच्या आकड्याचा फरक पडतो. मी विचार करून सांगते म्हटलं.

पगाराचा आकडा आला तो माझ्या दिवसाच्या फीला सव्वीसनं गुणलं तर निम्म्याहून कमी होता. नवे सल्लागार इथेच फसतात. महिन्याचे सव्वीस दिवस बिल लावण्याजोगे कुणाला मिळतात? बिलावर १८ टक्के जीएसटी लावायचा, आणि गिऱ्हाइकानं पैसे दिले नसले तरी तो सरकारला वेळेवर भरायचा. फी हातात येताना १० टक्के टीडीएस कापून येणार, आणि ती रक्कम हिशेबात परत मिळायला रिटर्न भरेपर्यंत थांबायचं. प्रवास, इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन पदरचं. हे सगळं वजा करून, वर पीएफ धरून मांडल्यावर आकडे बरेच जवळ आले. जो फरक उरला तो मी मागितला. सगळा नाही, बराचसा मिळाला.

पैशापेक्षा जास्त घासाघीस दोन गोष्टींवर झाली. एक, मी थेट धाकट्या मालकांना रिपोर्ट करणार, आणि ते पत्रात लिहून हवं. दोन, हातातली दोन कामं पुरी करायला मोकळीक. एचआरनं पाठवलेल्या पत्रात रिपोर्टिंग 'हेड, प्रॉडक्शन' असंच छापून आलं होतं, नमुन्याचं पत्र असणार. शिवाय नोटीस माझ्याकडून तीन महिन्यांची आणि त्यांच्याकडून एकाची. दोन्हींवर खूण करून पत्र परत पाठवलं. दुरुस्त होऊन येईपर्यंत रुजू झाले नाही. घरी म्हणाले, एवढं ताणू नकोस, हातची जाईल. गेली नाही.

पहिल्या महिन्याच्या बिलात जास्तीची डिमांड नव्हती आणि लोड फॅक्टरची सवलत आली. अकाउंट्सच्या साहेबांनी ती ओळ मार्करनं रंगवून आण्णांना दाखवली. दुसऱ्या महिन्यात मात्र एका सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, शॉट ब्लास्टिंगवाल्यानं आज सहालाच मशीन टाकलंय. ओरडलोय मी त्याला, पण आकडा कुठवर गेला तेवढा बघून सांगा." १७८० ला थांबला होता. त्यांना तसं कळवलं आणि शॉट ब्लास्टिंगच्या स्टार्टरला टायमर बसवायचा इंडेंट काढला. तो अजून परचेसमध्ये अडकलाय.