थोरली पाती, धाकटी पाती आणि एक गुणसूत्र

आमच्या माहेरी राजा भोजाबद्दल असं बोलतात, जणू तो परवापरवापर्यंत ओसरीवर बसून पान खात होता. पवार म्हणजे परमार, परमार म्हणजे धार, धार म्हणजे भोज. मधली हजारेक वर्षं कुणी हिशेबात धरत नाही. माझे चुलते, आबा, लग्नाच्या बैठकीत हमखास ऐकवायचे, "जहाँ पँवार तहाँ धार." देवक बसवताना आमच्यात तलवार पुजतात, तीही त्या धारेचीच खूण, असं त्यांचं म्हणणं. आता यात आम्हीच एकटे नाही. मोऱ्यांना मौर्य हवेत, साळुंख्यांना चालुक्य, जाधवांना देवगिरीचे यादव आणि भोसल्यांना चितोडचे सिसोदे. राजा नसलेलं एक तरी कूळ शोधून दाखवा.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गाला जायला लागले आणि घरातली जुनी वंशावळ उलगडून बसले. तिथून डीएनएचं खूळ डोक्यात शिरलं. अडचण एवढीच की ज्या गुणसूत्रावर बापाकडची वाट सापडते, ते वाय गुणसूत्र बाईत नसतंच. बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला, असं ते जवळपास जसंच्या तसं उतरतं. क्वचित कुठे एखादा बारीक बदल होतो, आणि त्या बदलांवरूनच कोण कुणाच्या किती जवळचा ते काढतात. बाकीच्या गुणसूत्रांचं दर पिढीला पिसणं होतं. आठ पिढ्यांवरच्या एका पूर्वजाचा वाटा आपल्यात सरासरी अर्धा टक्काही उरत नाही, कधीकधी काहीच उरत नाही. म्हणजे आडनावाचा माग काढायला भाऊ हवा. माझा दादा न्यू जर्सीत असतो, त्याने कुरकुर करत का होईना ३७ मार्करची, म्हणजे वायवरच्या ३७ ठरावीक जागा तपासणारी, चाचणी केली.

पण एकट्याच्या चाचणीने काही कळत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एका माणसाचा निकाल म्हणजे नुसते ३७ आकडे. ताडून बघायला दुसरा पवार लागतो, तोही लांबचा, वंशावळीत बराच वर जाऊन मिळणारा. आणि इथेच आमच्या गावची भावकी आडवी आली.

गाव माणदेशात, दहिवडीच्या पुढे. पवारांच्या दोन पात्या. आम्ही थोरली. जत्रेत पालखीला पहिला खांदा आमचा, पोळ्याला पहिला बैल आमचा. धाकट्या पातीबद्दल आमच्या घरात दार लोटून बोलायचे: ते लेकावळ्यातले. म्हणजे लग्नाच्या बायकोचे नव्हेत, ठेवलेल्या बाईच्या पोरांचा वंश. तोंडावर कुणी बोलत नसे, कारण सुतक मात्र दोन्ही पात्या एकमेकांचं पाळतात. वंशावळीनुसार दोन्ही पात्या आठ पिढ्यांवर एका माणसात मिळतात. तो पारनेरकडच्या सुप्याहून इथे आला असं सांगतात. तपासायला यापेक्षा चांगली जोडी कुठली मिळणार?

धाकट्या पातीतले तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे, गावात खतांचं दुकान. दादा सुट्टीवर आला तेव्हा किट घेऊन आला होता, ते घेऊन आम्ही दोघं गेलो. आधी मी त्यांना नीट सांगितलं की यात नको ते निघू शकतं, तुमच्या बाजूने किंवा आमच्या. ते म्हणाले, "आमच्या बाजूनं काय निघायचं ऱ्हायलंय गं? समदं तुमीच काढून ठिवलंय." यावर मी काय बोलणार.

अडलं ते तंबाखूवर. नमुन्याआधी तासभर तोंडात काही घालायचं नसतं. तात्यांनी चूळ भरली, चंची खिशातून काढून गल्ल्यावर ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटांनी गल्ल्याकडे हात. मी बघितलं की हात मागे. गिऱ्हाईक आलं, युरियाचं पोतं गेलं, पावती फाडली, आणि तेवढ्यात चंचीची दोरी सुटलेली. शेवटी त्यांच्या सुनेने चंची आत नेली. तास भरल्यावर त्या ब्रशसारख्या काडीने एकेक गाल आतून मिनिटभर घासला, काडीचं टोक बाटलीत पाडलं, झाकण लावलं. "एवढंच?" तात्या म्हणाले. "मला वाटलं रगत काढतील."

सुप्याकडचे एक निवृत्त शिक्षक मला आधीच भेटले होते, तेही पवार, त्यांच्या घराण्याचे कागद आमच्याहून जुने. त्यांनीही नमुना दिला. तिन्ही निकाल आल्यावर दादाने रात्री फोन केला, पलीकडे त्याची दुपार होती.

तात्या आणि सुप्याचे गुरुजी यांच्यात ३७ पैकी ३५ मार्कर सारखे. गटही, म्हणजे वायची फार जुनी मोठी शाखा, एकच: आर-वन-ए. म्हणजे काही शतकांत कुठेतरी त्यांचा एकच बाप, हे मानायला हरकत नाही. दादा मात्र पूर्ण वेगळा. गट एच. दादा आणि तात्या यांचा बापाकडून एक पूर्वज शोधायचा तर आठ पिढ्या नाही, हजारो वर्षं मागे जायला हवं. नुसते बारा मार्कर जुळणाऱ्यांच्या ढोबळ यादीत दादाला बल्गेरियातले एक गृहस्थ मिळाले. हा काही चमत्कार नाही. एच गट मुळात आपल्या उपखंडातला, आणि हजारेक वर्षांपूर्वी इथून युरोपात गेलेल्या रोमा लोकांत तो भरपूर सापडतो. दादा काही दिवस स्वतःला बल्गेरियन म्हणवत होता.

ही बातमी फुटल्यावर (फुटायची ती फुटलीच, दादाच्या बायकोने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं) धाकट्या पातीतल्या एका तरुणाने लगेच शोध लावला की आर-वन-ए म्हणजे क्षत्रिय, म्हणजे परमार, म्हणजे भोज. त्याला मी लिहिलं की बाबा रे, पोलंडमध्ये निम्म्याहून जास्त पुरुषांत हाच गट आहे, आणि आंध्र-तेलंगणातल्या चेंचू आदिवासींतही सापडला आहे. गटावरून जात निघत नाही आणि राजा तर नाहीच निघत. भोजाचा डीएनए कुणाजवळ नाही, तर जुळवणार कशाशी? शिवाय पवार हे आडनाव बौद्धांत आहे, बंजाऱ्यांत आहे, पारध्यांत आहे. त्यातल्या कुणाचा नमुना तात्यांशी जुळला तर हाच तरुण किती उत्साहाने ग्रुपवर टाकेल, याची मला शंका आहे. मला स्वतःला तेच बघायला जास्त आवडेल.

इंग्लंडमध्ये आडनावं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ठरली आणि बापाकडूनच चालत आली, तरी तिथेही गडबड आहेच. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची चाचणी छापली, त्यात निम्म्याहून थोडे कमी एकाच वायचे निघाले. राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. आईकडच्या डीएनएवरून तो पटला, पण बापाकडून नातं सांगणाऱ्या आजच्या पुरुषांचा वाय त्याच्याशी जुळला नाही. राजघराण्यांची ही कथा, तर माणदेशातल्या पाटलांचं काय घेऊन बसलात.

तर आमची साखळी तुटली कुठे? उत्तर नाशिकला मिळालं. आमच्या गावचे तीर्थोपाध्ये पंचवटीत आहेत, त्यांच्या वह्यांत गावाच्या नावाखाली पवार सापडले. शके १७८८, म्हणजे १८६६ च्या सुमाराची नोंद, मोडीत, शाई करडी पडलेली पण अक्षर वळणदार. माझ्या खापरपणजोबांची आई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आली होती. सोबत मुलगा, आणि त्याच्या नावामागे एक शब्द: दत्तपुत्र. घरच्या वंशावळीत तो शब्द नाही. तिथे तो नुसता पुत्र आहे. नक्कल करणाऱ्याने दोन अक्षरांची काटकसर केली.

मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती वारले, तेव्हा डलहौसीने त्यांचा दत्तक नाकारून अख्खं राज्य खालसा केलं होतं. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. आमच्या बाईने मात्र मांडीवर मूल घेतलं आणि वतन राखलं. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची आज्ञा नसतानाही दत्तक घेता येत असे, बाकी बऱ्याच भागांत ते चालत नसे. भावकीतला मुलगा तिने घेतला नाही, नाहीतर दादाचा वाय तात्यांशी जुळला असता. मला वाटतं तिने माहेरचा घेतला. धाकट्या पातीच्या हाती वाडा जाऊ नये म्हणूनही असेल. मग लेकावळ्याची गोष्ट कुणी आणि कधी पेरली, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. अर्थात वाय गुणसूत्राला लग्नाची बायको आणि ठेवलेली बाई यांतला फरक कळत नाही, त्यामुळे ती गोष्ट चाचणीने खोटी ठरली असंही नाही. एवढंच, की सुप्याहून आलेल्या माणसाचं रक्त बापाकडून चालत आलंय ते त्यांच्यात, आमच्यात नाही.

आबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या भावाचं मशिन चुकलंय. माझं घे." मला घ्यायचं नव्हतं. कारण साखळी १८६६ लाच तुटली हे वहीवरून आम्ही धरून चाललो होतो. आबांचा नमुना दादाशी जुळला नसता, तर बोट थेट माझ्या आजीकडे किंवा आईकडे गेलं असतं. हे मी आबांना आडपडदा न ठेवता सांगितलं. ते बराच वेळ मिशीला हात लावत बसले, मग म्हणाले, "आई आमची कडक हुती. घे तू." जुळला. ३७ पैकी ३७. आजी सुटली. पण आबा अजून मशिनवर नाराज आहेत आणि जत्रेत पहिला खांदा त्यांनीच दिला. तात्यांना हरकत नव्हती. "गुडघं दुखत्यात माझं," म्हणाले. त्यांना फक्त तो रिपोर्ट रंगीत छापून, लॅमिनेट करून दुकानात लावायचा होता. दादाचं नाव असलेलं पान मी दिलं नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडची लाखो लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हापासून दादा या बाबतीत जरा बिचकतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आता उरलं त्या बाईचं माहेर. नाशिकच्या नोंदीत गाव आहे, आटपाडीच्या बाजूचं. मागच्या महिन्यात जाऊन आले. आडनाव अर्थात वेगळं. वाड्याची पडझड झालेली, पण एक भिंत आणि एक म्हातारे गृहस्थ अजून ताठ. मी सगळं सांगितलं: वही, दत्तक, गुणसूत्र, माझा भाऊ, काडी, बाटली. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. माझं संपल्यावर नातवाला आत पाठवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हंजी जमिनीत हिस्सा मागायला आलायसा व्हय?"

नाही म्हटलं. लिहून द्यायलाही तयार झाले. मग चहा आला. नमुन्याचं अजून "बघू" वर आहे.