एनर्जी ऑडिटरचा चौथा पेपर: बॅगेत काय ठेवायचं, काय घरी

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या एनर्जी ऑडिटर (कारखान्यातला ऊर्जावापर तपासणारा) परीक्षेला चार पेपर असतात. पहिले तीन एनर्जी मॅनेजर आणि ऑडिटर दोघांनाही सारखेच. चौथा फक्त ऑडिटर होणाऱ्यांना, आणि तो ओपन बुक, म्हणजे पुस्तकं उघडून लिहायचा. हे कळलं की सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतली, पलूसकडची, साखर कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमधली मंडळी पुस्तकं गोळा करायला लागतात. थर्मोडायनॅमिक्स, पंप, रेफ्रिजरेशन, कॉलेजातल्या वह्या, सगळंच बॅगेत जातं. इथेच पहिली चूक होते.

वेळेचा हिशोब आधी बघा. 100 गुण, 2 तास, म्हणजे एका गुणाला 72 सेकंद. यातले 80 गुण 20-20 गुणांच्या चार मोठ्या गणितांना आहेत. एका गणिताला 24 मिनिटं मिळतात. त्यातली 6 मिनिटं पानं उलटण्यात गेली, तर पाव वेळ संपला आणि कागदावर एक आकडाही उतरलेला नाही. पुस्तक तिथे शिकण्यासाठी नसतं, आकडा काढण्यासाठी असतं. जुने पेपर घड्याळ लावून सोडवताना ज्या पुस्तकाने निदान तीनदा आकडा दिला, तेच न्यायचं. बाकीची कितीही चांगली असोत, घरी राहू द्या.

या कसोटीवर तीनच गोष्टी ठामपणे टिकतात: ब्युरोचं चौथं गाइडबुक, स्टीम टेबल (वाफेच्या दाब, तापमान, उष्णतेचे तक्ते) आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली सूत्रांची वही. दुसरं (उष्णतेचं) आणि तिसरं (विजेचं) गाइडबुक बॅगेत असावं, बाकावर नको.

स्टीम टेबल निवडताना सगळ्यांत जास्त विचार करा, कारण चुका तिथेच होतात. कारखान्यात आपण गेजवरचा किलो प्रति चौरस सेंटीमीटर वाचतो. बहुतेक टेबलं बारमध्ये आणि ॲब्सोल्यूट दाबावर, म्हणजे गेजचा दाब अधिक हवेचा दाब, असतात. गेजवर 10 बार असेल तर टेबलात 11 ची ओळ बघायची. तिथे संपृक्त (उकळबिंदूवरच्या) पाण्याची एन्थाल्पी, म्हणजे किलोमागे सामावलेली उष्णता, सुमारे 781 किलोज्यूल आहे, 10 च्या ओळीत 763. फरक लहान, म्हणूनच घातक, कारण चुकलेलं उत्तरही पटण्यासारखं दिसतं. किलोज्यूल आणि किलोकॅलरीची गल्लत मात्र लगेच पकडली जाते: इंधनाचं उष्मांकमूल्य किलोकॅलरीत ठेवून वाफेची एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये घेतली, तर बॉयलरची कार्यक्षमता 100 टक्क्यांच्या वर जाते. टेबलाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: किलोज्यूलची किलोकॅलरी करायला 4.187 ने भागा, गेज असेल तर 1 मिळवा (किलो प्रति चौरस सेंटीमीटर असेल तर 1.033).

सुपरहीटेड (उकळबिंदूच्या वर तापवलेल्या) वाफेची पानं असलेलंच टेबल घ्या. कोजनच्या (वाफ आणि वीज एकत्र बनवण्याच्या) गणितात 67 किलो दाब आणि 485 अंश असलं काहीतरी येतं, मग दोन ओळींमधला आकडा प्रमाणाने काढावा लागतो. टर्बाइनसाठी एन्ट्रॉपीचे रकाने हवेत. मोलियर चार्ट (वाफेच्या एन्थाल्पी-एन्ट्रॉपीचा आलेख) नेणार असाल तर मूळ घडीचा मोठा कागद न्या. विश्रामबागेत कुठेही ए-फोरवर झेरॉक्स मिळेल, पण त्या आकारात रेघा एकमेकींत मिसळतात आणि 20-30 किलोज्यूलची चूक सहज होते. कंडेन्सरचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दिला तर तो 760 मधून वजा करायचा: 660 चा व्हॅक्यूम म्हणजे 100 मिलिमीटर ॲब्सोल्यूट, संपृक्त तापमान साधारण 51-52 अंश.

सूत्रांची वही पाच-सहा पानांपेक्षा मोठी नको, पण प्रत्येक सूत्रापुढे त्याची एककं लिहिलेली हवीत. पंखा: घनमीटर प्रति सेकंद गुणिले मिलिमीटर पाणी, भागिले 102, की मिळाले किलोवॅट. एक टन रेफ्रिजरेशन 3024 किलोकॅलरी प्रति तास. विजेचं एक युनिट 860 किलोकॅलरी. कॉम्प्रेसरची आयसोथर्मल (तापमान स्थिर धरून काढलेली) पॉवर काढताना दाबाचं गुणोत्तर ॲब्सोल्यूटच घ्यायचं: 7 किलो गेजला ते 7.78 येतं. नुसते 7 धरले तर उत्तर सुमारे 5 टक्क्यांनी कमी पडतं.

साखर कारखान्यातल्यांनी बगॅसचं (उसाच्या चिपाडाचं) गणित स्वतंत्र पानावर सोडवून न्यावं. 50 टक्के ओलावा, उष्मांकमूल्य 2270 किलोकॅलरी, चिमणीचा वायू 150 अंश, बाहेरची हवा 30 अंश. ओलाव्याचा तोटा 0.5 गुणिले (584 + 0.45 × 120) भागिले 2270, म्हणजे सुमारे 14 टक्के. इंधनातल्या हायड्रोजनचं जळून पाणी होतं, त्यामुळे होणारा तोटा साडेसात टक्क्यांच्या आसपास, पण हायड्रोजन 3 टक्के धरला तरच. प्रश्नात तो कोरड्या बगॅसवर 6 टक्के असा दिलेला असू शकतो, आणि (50 टक्के ओलाव्यामुळे) निम्मा न करता वापरला तर तोटा थेट 15 टक्के दिसतो. रोज बॉयलरजवळ वावरणारी माणसंही इथे घसरतात, कारण प्लांटवर लॅबचा अहवाल कोणत्या आधारावर आहे हे विचारायची सवय नसते.

जुन्या पेपरांत शेवटच्या मोठ्या प्रश्नाला उद्योगानुसार पर्याय दिसतात: औष्णिक वीज, पोलाद, सिमेंट, कापड. साखर त्यात नसते. आपल्याकडच्या माणसाला औष्णिक विजेचाच पर्याय सोयीचा. बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर हे सगळं ओळखीचंच. हीट रेटची (एका युनिट विजेला लागणाऱ्या उष्णतेची) दोन गणितं आधीच पक्की करून ठेवा.

सोडवलेल्या पेपरांचा गठ्ठा न्यायला हरकत नाही, पण तो वर्षाप्रमाणे लावू नका. ‘बॉयलर इनडायरेक्ट’, ‘हीट एक्सचेंजर’, ‘एअर कंडिशनिंग’ असा विषयवार लावा आणि वर एक पानाची सूची जोडा. आकडे बदललेले असतात, त्यामुळे उत्तर उतरवता येत नाही. उपयोग होतो तो पायऱ्यांच्या क्रमाचा.

सगळं स्पायरल करून घ्या, सुटे कागद चालणार नाहीत असंच धरून चला. गाइडबुकच्या कडेला रंगीत पट्ट्या लावा, पण दहा-बाराच. चाळीस लावल्या की एकही सापडत नाही. हॉल तिकिटावरच्या सूचना नीट वाचा, त्यात जे नाही ते नेऊ नका. फोन बाहेरच राहणार, तेव्हा पीडीएफवर अवलंबून राहू नका. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या, प्रोग्रॅम होणारा नको. एलएमटीडीला (हीट एक्सचेंजरमधल्या तापमानफरकाच्या लॉग सरासरीला) नैसर्गिक लॉग लागतो, आणि त्याच्या बटणाऐवजी दहाच्या पायाच्या लॉगचं दाबलं गेलं तर अख्खं हीट एक्सचेंजर चुकतं.

सांगलीहून पुण्याच्या केंद्रावर रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर पुस्तकं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. बाक अरुंद असतो: डाव्या हाताला उघडं स्टीम टेबल, उजवीकडे उत्तरपत्रिका, वही मांडीवर, गाइडबुक बंद.