खानापूरच्या दप्तरात पणजी भेटली

पणजोबांच्या वडिलांचं नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून सुगी आटोपल्यावर खानापूर गाठलं. बेळगावहून गोव्याच्या रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर, बस सहज मिळते.

निघण्याआधी शेताच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर लिहून घ्या. तहसीलच्या दप्तरात आडनाव सांगून काही मिळत नाही, नंबरावरून मिळतं. सकाळी लवकर अर्ज द्या आणि मागणी नेमकी 'ड-पत्रका'ची, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलांच्या नोंदवहीची करा. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्यानं जमिनीची हक्कनोंद सुरू झाली, आणि मालक वारला की वारसांची नोंद या पत्रकात चढू लागली. त्यामुळे कोण गेलं, मागं कोण राहिलं, मुलं सज्ञान होती का, हे एका ओळीत कळतं.

आमच्या ओळीत पणजोबा मयत, दोन्ही मुलगे अज्ञान, आणि पुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती आई, म्हणून पणजीचं नाव होतं. घरच्या वंशावळीत ती कुठंच नाही, तिथं फक्त पुरुष. विधवा बाईनं दोन पोरं आणि शेत सांभाळलं, याचा एवढाच लेखी पुरावा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तुमच्याही घरातल्या बायका शोधायच्या असतील तर वारसनोंदीच बघा.

जुने कागद मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये. दोन्ही वाचणारं माणूस सोबत हवं. नकलेचा अर्ज त्याच दिवशी करून टाका.

पणजोबांच्या वडिलांचं नाव मात्र मिळालं हेळव्याकडून. घराण्यांच्या पिढ्या वहीत जपणारे हे लोक गावोगाव फिरतात. आमचे हेळवी कधी येतात, ते भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. हेळव्यांनी पिढ्या म्हणून दाखवल्या, मी लिहून घेतल्या आणि ड-पत्रकाशी ताडून पाहिल्या. धान्य, कापड, पैसे, जे जमेल ते त्यांना मानानं द्या. पिढ्यानपिढ्यांचा हक्क आहे तो त्यांचा.

त्यांच्या वहीनुसार एक भाऊ चंदगडकडे गेला होता. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं नव्यानं आखली तेव्हा तो पलीकडे, आताच्या महाराष्ट्रात राहिला. त्या शाखेसाठी आता चंदगड तहसीलमध्ये फेरफार, म्हणजे तिकडच्या तशाच मालकीबदलांच्या नोंदी, मागायचे आहेत. तिकडं जाणाऱ्यांनी अर्जात गावाचं नाव आणि जुना जिल्हा बेळगाव, दोन्ही लिहावं.