दरवाजे बंद करायचे नाहीत

25 जानेवारी 2018, गुरुवार. नंदुरबारकडच्या आमच्या एकपडदा थिएटरात राजपूत संघटनांचा विरोध असलेला 'पद्मावत' लागायचा होता. सकाळी आल्या आल्या आम्ही पोस्टर उतरवलं आणि स्टँडवरच्या मोटारसायकली मागच्या आवारात घेतल्या, कारण पेटवापेटवी गाड्यांपासूनच सुरू होते. शेजारच्या बांधकामावरच्या विटाही उचलायला लावल्या. ताडपत्री टाकून भागत नाही, ती ओढायला कितीसा वेळ लागतो?

भीती उगाच नव्हती. 2017 च्या मार्चात कोल्हापूरजवळ मसाई पठारावर याच चित्रपटाचा सेट जाळला होता. राज्यांच्या बंदीला सुप्रीम कोर्टाने 18 जानेवारीला स्थगिती दिली, तरी गुजरातेतल्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी हात वर केले होते. त्यामुळे सीमेपलीकडूनही तिकिटांसाठी फोन येत होते.

बंदोबस्तातल्या एकाने सुचवलं, बाजूच्या दरवाजांना आतून कुलपं घाला. ते मात्र ऐकायचं नाही. 1997 साली दिल्लीच्या उपहार थिएटरात 59 माणसं गेली. आग लागल्यावर लोकांना बाहेर पडायची वाट मोकळी नव्हती. आम्ही कड्या उघड्या ठेवल्या, प्रत्येक दाराशी आत टॉर्च घेऊन डोअरकीपर, बाहेर शिपाई. आपत्कालीन दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आणि नेमकी पोलिसांचीच गाडी त्याला खेटून उभी! ती आधी हलवून घेतली.

खालच्या वर्गाच्या पहिल्या चार रांगा विकल्याच नाहीत. पडद्याला बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज त्यातून येतो. तिथे कुणी फेकलेली शाई शिरली की पुसून निघत नाही, अख्खा पडदा बदलावा लागतो. शाईची बाटली लांबून फेकली तर निदान नेम चुकतो. झडतीत पाण्याच्या बाटल्याही बाहेर ठेवल्या. लोक कुरकुरले, पण इलाज नव्हता.

खरी धास्ती अंधाराची. लाइट गेली की चित्रपट चालवणारा सर्व्हर पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कुणी 'आग' ओरडलं की संपलं. म्हणून पहिल्या खेळापासूनच सगळा लोड जनरेटरवर. ऑपरेटरलाही बजावलं होतं, थांबवायची वेळ आली तर प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा विझवू नकोस. तो तापलेला असताना लगेच पुन्हा पेटवायचा नसतो, पंखा चालू ठेवून थंड होऊ द्यावा लागतो. डाउझर, म्हणजे दिव्याचा प्रकाश अडवणारी झडप, पाडायचा, पडदा काळा होतो. त्याआधी हॉलचे दिवे लावायचे.

दुपारी मोर्चा आला. पुढे असलेले बाबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, आम्हनं तुम्हनं काही भांडन नई, पन हाऊ पिच्चर नको." सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवली, दोघांनी आत बसून बघा म्हटलं. ते नको म्हणाले. घोषणा वाढल्या तसं पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 68 खाली ताब्यात घेतलं, संध्याकाळी सोडलं. आत इंटर्व्हलला आम्ही पुढचं मोठं दार उघडलंच नाही, चहा-वडे हॉलमध्येच फिरवले. बाहेरची गर्दी आणि आतली गर्दी एकमेकांना दिसू देऊ नये.

मग 'रात्रीचा खेळ बंद ठेवा' असा तोंडी निरोप आला. अशा वेळी लेखी मागायचं. लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांचं, कागद नसेल तर वितरक म्हणतो, तुम्हीच बंद केलं, आणि हिशोब आपल्या गळ्यात. लेखी काही आलं नाही, खेळ लागला. डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या अहवालात, त्या चार रांगा 'विक्री बंद' म्हणून वेगळ्या दाखवल्या, नाहीतर रिकाम्या खुर्च्यांवरून वाद ठरलेला.