जेव्रेच्या बांधावर

रविवार, रात्र

आज मैत्रिणीला घेऊन फ्रान्सच्या बुर्गुन्य प्रांतातल्या दिजों शहरातून जवळच्या जेव्रे-शांबेर्तां गावी जाऊन आले. जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. लोक तिथे वाइनसाठी जातात, मी गेले गास्तों रूपनेल यांच्यासाठी. तिनं विचारलं, "ही कुठली वाइन?" हसले, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. हे गृहस्थ दिजोंच्या विद्यापीठात इतिहास शिकवायचे आणि इथे द्राक्षमळा राखायचे. जन्म १८७१चा, तोही शेजारच्या फ्रांश-कोंते प्रांतातला. पण १९४६मध्ये गेले ते इथेच.

१९१०मध्ये त्यांची ‘नोनो’ ही कादंबरी गोंकूर या फ्रेंच साहित्य पारितोषिकाच्या दारापर्यंत जाऊन परतली. मिळालं ते लुई पेर्गो यांना.

मला जास्त मोलाचा वाटतो तो १९२२चा प्रबंध. विषय सतराव्या शतकातलं दिजों आणि भोवतालची खेडी. त्या शतकातल्या युरोपभरच्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त गावं लुटली गेली, जळाली. सावरायला कर्ज काढलं, ते फिटेना, मग गायरानं आणि शेतं विकायला निघाली. घेणारे कोण? दिजोंच्या पार्लमांमधले, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयातले, न्यायाधीश! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे कोर्टच पायऱ्या उतरून शिवारात आलं. हे सगळं त्यांनी जुन्या दप्तरांतून काढलंय, त्यामुळे हलवता येत नाही.

दहा वर्षांनी, १९३२मध्ये, त्यांनी फ्रेंच खेड्याचा इतिहास लिहिला आणि दप्तर बाजूला ठेवलं. शेतांच्या लांब पट्ट्या, गावातून फुटणाऱ्या वाटा, रानाची कड, सगळ्याचं मूळ थेट नवाश्मयुगात! इतिहासकारांना ते पटलं नाही, मलाही नाही. पण पाय मातीत असलेल्या माणसाचं गद्य आहे ते, म्हणून पुन्हा पुन्हा उघडते. दिजोंमधले त्यांचे मित्र, तत्त्वज्ञ बाशलार यांनी तर रूपनेल यांच्या ‘सिलोए’ या पुस्तकावर, त्यातल्या क्षणाच्या कल्पनेवर, अख्खं पुस्तक लिहिलं. ते मात्र अजून मला नीट झेपलेलं नाही.

दुपारी मळ्यांमधून वर चढलो. वेली संपतात तिथे रान सुरू होतं, एकदम, रेघ ओढल्यासारखं. मैत्रीण म्हणाली, "ही रेघ कधीची?"

"रूपनेलना विचारशील तर हजारो वर्षांची."

"आणि कागद काय म्हणतात?"

"कागद एवढे मागे जातच नाहीत," म्हटलं, आणि दोघी उतरायला लागलो.